पाठ बघितल्याशिवाय हँडओव्हर नाही

शहाडचा पूल मागे पडला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. श्रावणातली अंगारकी, त्यात पावसाने उघडीप दिलेली, त्यामुळे टिटवाळ्याला चालत निघालेल्यांची रस्त्याच्या कडेने रांगच लागली होती. कुणी अनवाणी, कुणी बूट घालून, कुणाच्या मोबाइलवर आरती तर कुणाच्या मोबाइलवर सिनेमातली गाणी. दर्शना शेवाळे तरातरा पुढे चालली होती आणि तिच्यामागे एका हातात केळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल अशी धापा टाकत रचना.

"अगं जरा हळू! बाप्पा पळून चाललाय का कुठे?"

"तू तो मोबाइल आत ठेव, म्हणजे पाय उचलतील."

"तुझंच काम आहे त्यात. ऐक तरी."

रचना म्हणजे दर्शनाची समोरच्या दारातली शेजारीण. डोंबिवली पूर्वेला त्यांच्या सोसायटीचं महिला मंडळ दर नवरात्रात नऊ बायकांचा सत्कार करतं. नवदुर्गा म्हणतात त्यांना. शाल, श्रीफळ आणि स्टेजवरून वाचलेला परिचय. तो परिचय लिहायचं काम दरवर्षी रचनाच्या गळ्यात, कारण तिला लिहायची आवड आणि नाही म्हणायची सवय नाही. यंदा नऊजणींत दर्शना होती. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स तिने वयाच्या अडतिसाव्या वर्षी पुरा केला होता, आणि निकाल लागून महिनाही झाला नव्हता.

रचनाने चालता चालताच वाचायला घेतलं. "'घर सांभाळून, नोकरी करून, आजारी सासूची अहोरात्र सेवा करून ज्यांनी वयाच्या अडतिसाव्या वर्षी पदवी–'"

"पदवी नाही. डिप्लोमा."

"बरं, डिप्लोमा. 'डिप्लोमा मिळवला, अशा आपल्या–'"

"सुरुवात परत वाच."

"'घर सांभाळून–'"

"थांब." दर्शना खरोखरच थांबली. मागून येणारं एक जोडपं तिला वळसा घालून पुढे गेलं. "घर मी सांभाळलं नाही, रचना."

"झालं! आता विनय सुरू. अगं, मी समोरच्या दारात राहते. मला दिसत नव्हतं का?"

"दारातून दिसतं ते दार. तुला आतलं माहीत नाही. आणि विनयबिनय नाही हा. तू चांगल्या मनाने खोटं लिहितेयस."

रचनाचा चेहरा पडला. चार वर्षं ती असेच परिचय लिहीत आली होती आणि आजवर कुणी 'खोटं' म्हणालं नव्हतं. मोहन्याचा फाटा समोर आला. दर्शनाने त्या बाजूला हात केला.

"तिकडे आई राहायच्या. माझ्या सासूबाई. कारखान्याच्या चाळीत. सासरे पाळीला गेले की घरातलं आवरायच्या, भाकऱ्या टोपलीत झाकायच्या आणि दर अंगारकीला इथून टिटवाळ्याला चालत जाऊन, परत येऊन, संध्याकाळचा स्वयंपाक करायच्या. चंद्र बघून सोडायचा उपास. आज मी त्यांच्याच नवसाने चाललेय, माहितेय ना?"

"हो, त्यांची कंबर बरी झाली म्हणून."

"कमरेसाठी नव्हता तो नवस," दर्शना म्हणाली आणि परत चालायला लागली. "ये, सांगते. केळं दे एक."

*

दर्शना बारावीनंतर ए.एन.एम. झाली, म्हणजे नर्सिंगमधली पहिली पायरी. लग्न होऊन डोंबिवलीला आली आणि स्टेशनजवळच्या एका लहानशा हॉस्पिटलात लागली ती तिथेच राहिली. मुलगी झाली, ऐश्वर्या. मुलगी शाळेत जायला लागली. सासरे गेले, मोहन्याचं घर सुटलं, सासूबाई, मालनबाई, डोंबिवलीला राहायला आल्या. दर्शनाच्या हाताखाली शिकलेल्या मुली पुढचं शिक्षण घेऊन इन्चार्ज होऊन परत आल्या. वाईट नव्हत्या त्या. 'ताई, ताई' करायच्या. पण ड्युटी लावायच्या त्या, आणि सणाच्या दिवशी नेमकी दर्शनाची नाइट यायची.

"मी पुढचा कोर्स करणारे," असं तिने एका रविवारी जेवताना सांगितलं तेव्हा मालनबाईंचा घास हातातच राहिला.

"आता शिकून काय कलेक्टर होणारेस?"

"नाही आई. सिस्टर होणारे. आत्ता नुसतं म्हणतात."

नवरा राकेश एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कंपनीत ऑपरेटर. तीन पाळ्यांतला माणूस, बोलायला कमी. तो एवढंच म्हणाला, "बघ, झेपतंय का." त्याच्याकडून याहून जास्त होकार आजवर कुणाला मिळालेला नव्हता.

कॉलेज शीळफाट्याच्या पुढे. सकाळी बस, दिवसभर वर्ग नाहीतर वॉर्ड, आणि शनिवार-रविवार जुन्या हॉस्पिटलात बारा-बारा तासांची ड्युटी, म्हणजे घरात पगाराचा काही भाग तरी येत राहावा. वर्गात बाकीच्या अठरा-एकोणीसच्या. त्यांनी पहिल्या दिवशी तिला मॅडम समजून उभं राहून 'गुड मॉर्निंग' केलं. तिनेही 'बसा, बसा' म्हणून घेतलं आणि मग शेवटच्या बाकावर जाऊन बसली. सगळा वर्ग हसला, तीही हसली.

पुस्तकं इंग्रजीत. दर्शना पहिलीपासून मराठी शाळेतली. रात्रीचं जेवण झालं की टेबलाच्या एका बाजूला ऐश्वर्या आणि दुसऱ्या बाजूला आई असा अभ्यास चालायचा.

"आई, न्यूमोनियामधला पी बोलायचा नसतो."

"मग लिहायचा कशाला?"

"ते मला काय माहीत? तुझं नर्सिंग, तू बघ."

अशी दोन वर्षं निघाली. पोळ्या लाटायला एक बाई लावली, तिच्या पोळ्या जाड म्हणून मालनबाईंनी सहा महिने तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. देवापुढे दिवा लावायचा दर्शनाचा नेम तेवढा मोडला नाही. घाईत असली की फुलं नसायची, दिवा असायचा.

आणि तिसऱ्या वर्षी, दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवायचे होते तेव्हा, मालनबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.

*

कमरेच्या हाडाला तडा गेला होता. ऑपरेशन नको, डॉक्टर म्हणाले, पण दीड महिना अंथरुणातून उठायचं नाही. त्या वयात, त्या वजनाच्या बाईला दीड महिना झोपवून ठेवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त दर्शनाला कळलं होतं.

त्या संध्याकाळी घरात सगळे जमले. ठाण्याहून धाकटा दीर साईनाथ आला, कल्याणहून नणंद कांताताई आली. कांताताई थोरली, आणि ती बोलायला लागली की मधे कुणी बोलायचं नाही अशी त्या घराची पद्धत.

"आता प्रश्नच नाही," कांताताई म्हणाली. "देवाची कृपा म्हणायची, घरातच सिस्टर आहे. नाहीतर लोकांचे किती हाल होतात."

"आयासाठी ब्युरोला फोन लावू का मी?" साईनाथने विचारलं.

"घरात सिस्टर असताना बाहेरची बाई कशाला रे?"

आतून मालनबाईंचा आवाज आला, "परकी बाई अंगाला हात लावलेली मला चालायची नाही हां."

"ऐकलंत? दर्शना, कॉलेजचं काय ते बघ. वर्षभर थांबलीस तर काही बिघडत नाही. कॉलेज कुठे पळून जातंय?"

सगळ्यांनी दर्शनाकडे बघितलं. राकेशनेही बघितलं आणि मग नजर चहाच्या कपात घातली.

दर्शनाला ठाऊक होतं, कॉलेज पळून जाणार नव्हतं. ती जाणार होती. 'पुढच्या वर्षी करते' म्हणून गेलेल्या तिच्या ओळखीच्या किती तरी होत्या, त्यातली एकही परत बाकावर येऊन बसलेली तिने पाहिली नव्हती. आधी सासू, मग मुलीची दहावी, मग आणखी कुणाचं काही. कॉलेजच्या मॅडमनी बजावलंच होतं, शेवटच्या वर्षी हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही, मग हात जोडले तरी उपयोग नाही.

"ताई," ती म्हणाली, "सिस्टर एक आहे. पण आईंना मुलं तीन आहेत."

कांताताई खुर्चीतच पुढे सरकली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी कॉलेज सोडणार नाही. आईंचं सगळं होईल, नीट होईल. पण एकटी मी करणार नाही. वॉर्डात एक नर्स चोवीस तास कधी असते का? ड्युट्या लावू."

"अगं, हे घर आहे, वॉर्ड नाही!"

"वॉर्ड असता तर बरं झालं असतं ताई. तिथे कुणी मला सोड म्हणालं नसतं."

कांताताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती पदर खोचून उठली आणि "मी काय बोलणार बाई, शिकलेल्या माणसांपुढे" म्हणत स्वयंपाकघरात गेली. पण दर्शनाने ड्युट्या लावल्या. सकाळी निघेपर्यंत ती स्वतः. दिवसभर साईनाथ, कारण त्याचं काम घरूनच चालायचं. लॅपटॉप घेऊन आईच्या उशाशी बसायचं. संध्याकाळी राकेश, त्याने साहेबाला सांगून दीड महिना एकच पाळी मागून घेतली. रात्री परत ती. आठवड्यातून दोन दुपारी कांताताई. आणि वॉर्डातला एक नियम तिने जसाच्या तसा घरी आणला. ज्याची ड्युटी संपली त्याने पलंगाशी उभं राहून पुढच्याला तोंडी सांगायचं: काय खाल्लं, किती पाणी गेलं, औषध कुठलं झालं, लघवी झाली का, कूस किती वेळा बदलली. त्याला हँडओव्हर म्हणतात. तो दिल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही.

पहिल्या दिवशी साईनाथ शाळेत कविता म्हणायला उभा राहिल्यासारखा उभा राहिला. "आईने, म्हणजे पेशंटने, दुपारी वरणभात खाल्ला. अर्धी वाटी दही. औषधं दोनची झाली. लघवी... झाली. कूस बदलली."

"मेल्या, दही पाऊण वाटी होतं," पेशंट म्हणाली.

सगळे हसले. दर्शनाला वाटलं, जमलं. दोन आठवडे असं गेलं. हँडओव्हर इतका चोख व्हायला लागला की तिच्या वर्गातल्या मुलींनी शिकावा. ती वॉर्डातून दमून यायची, राकेश सगळं सांगायचा, "कूस तीन वेळा बदलली", आणि ती मान हलवून हात धुवायला जायची. मालनबाईंना सकाळचं पुसून घेणं, कपडे बदलणं हे ती करू लागली की त्या म्हणायच्या, "पाठ राहू दे गं, थंडी वाजते, काल संध्याकाळीच पुसलीय राकेशने." बसची वेळ झालेली असायची. रात्री ती कूस बदलायची तीही अर्धवट झोपेत, अंधारात, चादरीवरूनच.

वॉर्डात असं तिने कधी केलं नसतं. तिथे पेशंटची पाठ डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती ड्युटी घेत नसे, सांगणारी कितीही विश्वासाची असो. पण घरात ती नर्स कमी आणि सून जास्त होती. नवरा सांगतोय, दीर सांगतोय, सासूबाई मान डोलावतायत. तिथे 'मला दाखवा' म्हणणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं.

एका रविवारी हॉस्पिटलातली ड्युटी तिने बदलून घेतली होती. चादर बदलायला म्हणून तिने मालनबाईंना कुशीवर घेतलं, आणि तिचे हात तिथेच थांबले. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. भोवतीची कातडी काळपट लाल. अशी जखम एका दिवसात होत नाही.

*

कांताताई त्याच दिवशी आली, आणि तिला सांगावं लागलं.

"बघितलंस? हे होणारच होतं. घरात सिस्टर असून आईला जखम झाली! लोकांना कळलं तर तोंडात शेण घालतील. बाहेर जगाची सेवा करतेस आणि घरात..."

"ताई, हळू बोला, आई जाग्या आहेत."

"असू दे जाग्या! आता तरी सोड ते कॉलेज."

राकेश दारात उभा होता. तोही म्हणाला, अगदी खालच्या आवाजात, "दर्शना, या वर्षापुरतं. मी म्हणतोय म्हणून."

लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि 'मी म्हणतोय म्हणून' असं तो पहिल्यांदा म्हणत होता. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. तिला संताप आला की आधी डोळे भरायचे, मग आवाज फुटायचा.

"तुम्ही सांगत होतात, तीन वेळा कूस बदलली. भाऊजी सांगत होते, चार वेळा. मग ही जखम कुठून आली? मला एकाने खरं सांगा. मी ओरडणार नाही."

साईनाथ लॅपटॉपची वायर गुंडाळत बसला. मग पलंगावरून आवाज आला.

"त्यांना बोलू नकोस. मीच नको म्हणायचे."

सगळे वळले. मालनबाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

"एवढे घोडे झालेले मुलगे. त्यांनी मला उघडी बघायची, फिरवायची... मला लाज वाटते गं. मी म्हणायचे, राहू दे रे, तिला सांगा बदलली म्हणून. तेही सुटायचे, मीही."

साईनाथ म्हणाला, "वहिनी, मी चादरीवरूनच हात घालून बघितलं दोनदा. पण आई आक्रसून घ्यायची. मला पण... कसं सांगू?"

सांगायची गरज नव्हती. तिघं एकमेकांची लाज राखायला एकमेकांसाठी खोटं बोलले होते आणि चौथीने, म्हणजे तिने, चादर उचलायची सोडून मान हलवली होती.

दर्शना उठली. मोबाइल घेतला, मालनबाईंना परत कुशीवर केलं, जखमेचा फोटो काढला आणि त्यांच्या समोर धरला.

"हे काय आहे?" मालनबाईंनी डोळे बारीक केले.

"ही तुमची पाठ आहे, आई."

मालनबाई बघत राहिल्या. स्वतःची पाठ माणूस बघत नाही; त्यांना दुखत होतं, पण असं असेल हे त्यांच्या मनात नव्हतं. त्यांचा हात चादरीवर चाचपडत राहिला.

"एवढं?"

"अजून वेळेत आहे. पण आजच्यासारखं चाललं तर हाडापर्यंत जाईल. मी कॉलेज सोडलं तरी जाईल, कारण मलाही झोप लागते, मलाही संडासाला जावं लागतं. एका माणसाचं काम नाही हे." ती राकेशकडे वळली. "आणि तुम्ही ऐका. मी सोडणार नाही. तुम्ही म्हणताय म्हणूनही नाही. उद्या मी सकाळच्या बसने जाणार. तुम्हाला आईची पाठ बघता येत नसेल तर तसं सांगा, पण माझ्या नावावर ढकलू नका."

"अगं, नवऱ्याशी असं..." कांताताईने सुरुवात केली.

"कांते, गप बस जरा," मालनबाई म्हणाल्या.

त्या घरात कांताताईला कुणी गप बसवलेलं कुणाला आठवत नव्हतं.

"तू येतेस, भाजी घेऊन येतेस, तासभर गप्पा मारतेस आणि डबा भरून घेऊन जातेस. मला एकदा तरी फिरवलंस? उद्यापासून तुझ्या दुपारीही तेच करायचं. राकेश, इकडे ये. साई, तूही. बघा, ती कसं करते ते. माझे डोळे मिटलेले असतील, तुम्ही तुमचे उघडे ठेवा."

त्या दुपारी दर्शनाने दोघा भावांना शिकवलं. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. ओढायचं नाही, वळवायचं. गुडघ्यांमध्ये उशी. पाठ पुसायची ती चोळून नाही, टिपून. राकेशचे हात आधी चादरीच्या कडेशीच अडले. दिवसभर मोठमोठ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह फिरवणारे हात. त्याने पहिल्यांदा आईची पाठ उघडी बघितली तेव्हा तो म्हणाला, "आई, तुझ्या खांद्यावर हा डाग कसला गं?"

"तुझ्या वेळी चुलीवरचं आधण सांडलं होतं," भिंतीकडे तोंड करून मालनबाई म्हणाल्या. "तू पोटात होतास."

त्या दिवसापासून हँडओव्हर मालनबाई स्वतः द्यायला लागल्या. संध्याकाळी दर्शना आली की राकेश बाजूला उभा आणि पेशंटच सांगायची. "पाणी सहा पेले. औषध झालं. साईने दोन वेळा नीट फिरवलं, तिसऱ्यांदा फोन आला म्हणून घाई केली. कांता आली होती, तिने फिरवलं, पण बडबड केली. आता माझी पाठ बघ आणि मग हात धुवायला जा."

आणि दर्शना पाठ बघायची. रोज. मगच पर्स खाली ठेवायची.

जखम भरायला वेळ लागला. मधे एकदा चिघळली, ड्रेसिंगला डॉक्टरांना बोलवावं लागलं, तेव्हा कांताताईने परत विषय काढला आणि दर्शनाने परत तेच उत्तर दिलं. घरातलं बाकी सगळं ढेपाळलेलं होतं. ऐश्वर्याला सहामाहीला गणितात कमी पडले. गॅलरीत कपड्यांचा ढीग. संक्रांतीचे तिळगूळ विकत आणले, तेही उशिरा. एकदा दर्शना वर्गात बसल्या बसल्या झोपली आणि शेजारच्या मुलीने तिच्यावर ओढणी टाकली, मॅडमना दिसू नये म्हणून. हजेरी भरली ती काठावर. परीक्षेत तोंडी प्रश्नांना एका बाहेरच्या मॅडमनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, ते तिला धड कळलं नाही, आणि फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. तो हुकल्याचा राग तिला अजूनही आहे.

*

आंबिवली मागे पडलं होतं. रस्त्याच्या कडेला एका मंडळाने चालणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. दोघी पत्रावळी घेऊन एका पिंपळाच्या पारावर टेकल्या.

"आणि नवस?" रचनाने विचारलं.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी. आई वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. मला देवघरापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, तू पास झालीस तर तुला चालत टिटवाळ्याला पाठवीन असं बोललेय मी बाप्पाला. मी म्हटलं, वा! नवस तुमचा आणि पाय माझे? तर म्हणाल्या, माझे पाय आता जात नाहीत, आणि तुझे तर थांबत नाहीत."

रचना हसली. मग मोबाइल काढला, ते लिहिलेलं परत बघितलं आणि न वाचताच बंद केला.

"पण दर्शना, सत्काराला लोक येतात ते काहीतरी चांगलं ऐकायला. 'घर ढेपाळलं होतं' असं स्टेजवरून कसं वाचू?"

"तुला सांगू, मला भीती कशाची वाटते? समोर खुर्च्यांवर बायका बसतील. त्यांच्यात एखादी असेल जिच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि जिला काहीतरी शिकायचं असेल. तिच्या बाजूला तिची नणंद बसलेली असेल, नाहीतर सासू. तू 'घर सांभाळून, सेवा करून' वाचलंस की ती तिला कोपर मारणार. म्हणणार, बघ, शेवाळेंच्या सुनेला जमलं सगळं, तुलाच कसं जमत नाही? म्हणजे माझ्या सत्काराची काठी तिच्या पाठीत. मला नको ती शाल."

"राकेशभावजींना चालेल का पण? सगळ्या सोसायटीसमोर?"

"विचारलं त्यांना. म्हणाले, कंपनीतली माणसं हसतील. मग हात धुऊन आले, जेवायला बसले, आणि म्हणाले, हसू दे."

दर्शना उठली. पत्रावळ टोपलीत टाकली, साडी झटकली. देवळाकडे जाणारी रांग आता दाट झाली होती, पुढून घंटेचा आवाज येत होता. तिने रचनाच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"माझं एक काम कर, रचना. 'घर सांभाळून' हे खोड. त्या जागी लिही, की ती शिकत होती तेव्हा तिच्या सासूची पाठ तिच्या नवऱ्याने आणि दिराने बघितली, आधी चुकवली आणि मग शिकून बघितली. माकडहाडावर जखम झाली होती हेही लिही."

"स्टेजवरून? माकडहाड?"

"हो. माकडहाड. आणि लोक कुजबुजले आणि ऐकू गेलं नाही, तर परत एकदा वाच."